पटावर नाव, बसायला गोणपाट

साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरमध्ये 7 नोव्हेंबर 1900 या तारखेला 1914 क्रमांकापुढे एक नाव आहे: भिवा रामजी आंबेडकर. इयत्ता पहिली इंग्रजी. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. पण अस्पृश्य मानलेल्या या पोराला बसायला गोणपाट घरून न्यावं लागे आणि संध्याकाळी ते परत आणावं लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायानं तोटी सोडली तर पाणी, नाहीतर घसा कोरडा. रजिस्टरात यातलं काहीच उमटलेलं नाही.

वास्तविक सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या ठेवण्याचा नियम तेव्हा चाळीस वर्षं जुना झाला होता. 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. एकाला घेतलं तर बाकीची मुलं शाळा सोडतील, असं म्हणून सरकारनं त्याला परत पाठवलं. त्यावर बरीच लिखापढी झाली आणि 1858 मध्ये सरकारनं जाहीर केलं, की पूर्णपणे सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील. शाळेचं दार उघडलं, पण वर्गातली जागा कुणी ठरवून दिली नाही.

1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं. शेतसारा भरतो कुणबी आणि त्या पैशावर शिकतात वरच्या वर्गाची मुलं, हे त्यांनी सरकारला सुनावलं. निदान बाराव्या वर्षापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीच्या, मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! त्या काळात मजुराच्या घरात रुपया केवढा मोठा होता, हे वेगळं सांगायला नको. पण त्याहून मोठा निर्णय 1919 चा वाटतो. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा त्यांनी बंद केल्या आणि ती मुलं सर्वांच्या शाळेत बसवली. गोणपाटाचा प्रश्न त्यांना नेमका कळला होता.

1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. मुंबईत महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी ही यादी वाचली की गिरणी-बंदराच्या शहरात पोटापाण्यासाठी कोण कुठून आलं, ते समजतं.

बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर वेगळंच दृश्य दिसतं. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, कोयत्यांबरोबर पोरंही जातात आणि पटावर नाव असूनही वर्ग ओस पडतात. मागे आजी-आजोबांजवळ राहिलेल्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालतं. तिथं सकाळ-संध्याकाळ जेवण मिळतं. पाठीवर धाकटं भावंड घेऊन फडावर गेलेली थोरली बहीण मात्र शाळेत परतते ती हंगाम संपून पट्टा पडल्यावर, परीक्षेच्या तोंडावर.