तळटीप : कोष्टकातली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं

या कोष्टकातली रोमन अक्षरं मूळ नोंदींप्रमाणेच ठेवली आहेत. एक्सेलमध्ये ‘अप्पर’, ‘लोअर’ किंवा ‘प्रॉपर’ हे सूत्र लावून अख्खा रकाना क्षणात एकसारखा करता येतो. पण त्या घाईत माहितीच पुसली जाते. विजेचंच पाहा : स्मॉल एम आणि कॅपिटल डब्ल्यू म्हणजे मिलिवॅट, दोन्ही कॅपिटल म्हणजे मेगावॅट. ‘अप्पर’ लावलं की दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात आणि 100 कोटी पटींचा फरक नाहीसा होतो. ‘प्रॉपर’ची गत वेगळी. ते शब्दाचं पहिलं अक्षर आणि अक्षर नसलेल्या कुठल्याही चिन्हापुढचं अक्षर कॅपिटल करतं, बाकी सगळं स्मॉल. त्यामुळे मॅकडोनाल्ड या आडनावातला मधला कॅपिटल डी हकनाक जातो. देवनागरीत हा भेदच नाही, म्हणून आपल्याला ही निव्वळ सजावट वाटत असावी.

यावर कुणी म्हणेल, बरोबरीचं चिन्ह आणि ‘व्हीलुकअप’ कॅपिटल-स्मॉल एकच धरतात, मग एवढा आग्रह कशाला? ती शोधण्याची सोय आहे, अर्थाचा निवाडा नव्हे. त्याच दोन नोंदी ‘एक्झॅक्ट’ला दिल्या की तो त्या वेगळ्या ठरवतो. गावांच्या यादीत एकसारखेपणा हवाच, हे मान्य. तिथे शेजारच्या रकान्यात सूत्र लिहावं आणि मूळ रकाना हवा तर लपवावा, पण पुसू नये. एकदा सगळं कॅपिटल झालं की ‘लोअर’ लावून मूळ रूप परत मिळत नाही.