जोड आतपर्यंत गेला पाहिजे

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या सेनगावच्या घरामागे मी पाण्याच्या टाकीसाठी लोखंडी स्टँड केला. केला म्हणजे स्वतःच्या हातानं केला. अँगल आणले, कापले आणि घरच्या प्लगवर चालणाऱ्या लहानशा वेल्डिंग मशिननं जोडले. कविता करणाऱ्या माणसानं लोखंडाला हात घातला म्हणून घरात कौतुकही झालं. वरून चंदेरी रंग दिला आणि पाचशे लिटरची टाकी चढवली. अकराव्या दिवशी दुपारी टाकी भरत असताना एक पाय सांध्यातून निसटला आणि टाकी खाली आली. पाच मिनिटांपूर्वी माझी नात तिथंच मातीची भांडीकुंडी मांडून बसली होती. आईनं हाक मारली म्हणून उठून गेली, एवढंच.

त्या रात्री मला झोप आली नाही. सांधा दिसायला तर छान होता. मग सुटला कसा? लोखंड लोखंडाला जोडतं म्हणजे नेमकं काय होतं? या प्रश्नाच्या मागे लागलो आणि थेट लहानपणीच्या लोहाराच्या भट्टीपाशी जाऊन पोचलो.

माझ्या लहानपणी गावात लोखंड जोडायची एकच जागा होती, लोहाराची भट्टी. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवायची असली की आम्ही पोरं तिथं ठाण मांडून बसायचो. पट्टी वाकवून गोल करायची, दोन्ही टोकं एकमेकांवर आणायची आणि निखाऱ्यात घालून भाता ओढायचा. लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं आणि शेवटी जवळजवळ पांढरं. त्यातून ठिणग्या फुटू लागल्या की लोहारमामा टाकणखाराची चिमूट टाकायचे. ती टाकणखार लोखंडावरचा गंज-मळ पातळ करून वाहून नेते. मग ऐरणीवर घणाचे घाव. दोन घाव उशिरा पडले तरी लोखंड निवतं आणि जोड कच्चा राहतो. इथं लोखंड वितळत नाही. मऊ झालेली दोन टोकं स्वच्छ होऊन, दाबली जाऊन एकजीव होतात.

ही विद्या लहान नव्हे. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा, वजन सहा टनांहून जास्त. लोखंडाचे गोळे तापवून, एकावर एक ठोकून तो घडवला आहे. आपल्या दख्खनमध्ये विजापूरच्या उपरी बुरुजावर सुमारे तीस फूट लांबीची तोफ आहे. ती ओतीव नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या एकमेकींशेजारी ठेवून त्यावर लोखंडी कडी बसवून ती केली आहे. आमच्या धावेचा आणि त्या तोफेचा कारागीर एकाच घराण्यातला म्हणायला हरकत नाही. नर्सी आमच्या शेजारचीच. तिथले नामदेव महाराज शिंपी होते, ते कापड सांधत. लोहार लोखंड सांधतो, चांभार चामडं सांधतो. गाव उभं होतं ते अशा सांधणाऱ्या माणसांवर.

विजेनं हे चित्र पालटलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हंफ्री डेव्ही यांनी लंडनमध्ये दोन कोळशांच्या टोकांमधून विजेची झगझगीत कमान काढून दाखवली. १८८० च्या दशकात रशियन साम्राज्यातल्या बेनार्दोस आणि ओल्शेव्स्की या दोघांनी त्या कमानीच्या आचेवर धातू जोडले. लगेच स्लाव्यानोव यांनी कोळशाऐवजी धातूचीच कांडी वापरली. ती कांडी स्वतः वितळून सांध्यात उतरते. पण उघड्या कांडीचा जोड हवेमुळे ठिसूळ व्हायचा. त्यावर स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांनी उपाय काढला. ते जहाजांचे बॉयलर दुरुस्त करत. कांडीला त्यांनी लेप दिला. लेप जळून धूर होतो, तो हवा दूर ठेवतो. उरलेल्याची खपली होऊन सांध्यावर पांघरुणासारखी बसते. म्हणजे लोहारमामांची टाकणखारीची चिमूट आणि हा लेप यांचं काम एकच!

१९२० मध्ये इंग्लंडात 'फुलागर' नावाचं संपूर्ण वेल्डिंगचं जहाज पाण्यात उतरलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं अशी शेकड्यांनी जहाजं बांधली. पण जानेवारी १९४३ मध्ये 'स्केनेक्टडी' हे नवंकोरं जहाज पोर्टलंडच्या धक्क्याला उभ्या उभ्या दुभंगलं. थंडीत ठिसूळ होणारं पोलाद आणि सांध्यातले दोष, दोन्ही नडले. हे वाचलं तेव्हा मला आमची टाकी आठवली. जोडणं घाईनं होतं. जोड टिकणं ही वेगळी गोष्ट आहे.

आपल्याकडे १९५१ मध्ये मुंबईत अडवानी-ओर्लिकॉन कंपनी निघाली आणि वेल्डिंगच्या कांड्या देशात बनू लागल्या. गावोगाव वीज पोचली तशी वेल्डिंगची दुकानं निघाली. आमच्याकडेही एक निघालं. तेलानं भरलेला, चाकांवरचा तो सेट सुरू झाला की आजूबाजूच्या घरातले दिवे मिणमिणायचे. तो निळा उजेड पाहायला मी तासभर उभा राहिलो आणि रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखा रडलो. अम्मीनं ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत रात्र काढली. त्या उजेडातले अतिनील किरण डोळ्यांना त्याच वेळी नाही, काही तासांनी दगा देतात. पुढे गाड्यांना रबरी टायर आले, धाव संपली आणि लोहारमामांची भट्टी विझली. त्याचं दुःख मला उशिरा कळलं. तेव्हा मी बी. ए. करत होतो आणि काजळीचे हात मला कमीपणाचे वाटत होते.

तो जाडजूड सेट आता पाच-सहा किलोच्या डब्यात कसा मावतो? याचं बरंच श्रेय मद्रासमध्ये जन्मलेल्या आणि तिथल्याच आयआयटीत शिकलेल्या जयंत बालिगा यांना आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत त्यांनी आयजीबीटी हा विजेचा वेगवान खटका विकसित केला. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा फिरते. इन्व्हर्टर मशीन तीच वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतं. फेरे वाढले की ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. एवढं साधं गणित आहे.

तर असं मशीन घ्यायचं असेल त्यांनी डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. घरच्या २३० व्होल्टवर, सोळा अँपिअरच्या प्लगवर आपलं काम मुख्यतः अडीच मिलिमीटरच्या, म्हणजे दुकानात बारा नंबर म्हणतात त्या कांडीचं. तिला साधारण सत्तर ते नव्वद अँपिअर लागतात. सव्वातीनच्या दहा नंबर कांडीला शंभराच्या पुढे. तिथं घरचं वायरिंग कण्हू लागतं. मशीन किती वेळ सलग चालेल तेही विचारावं. साठ टक्के लिहिलं असेल तर दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती. खिडकीची जाळी, कुंड्यांचा स्टँड, कुंपणाचं दार यासाठी हे पुरे. पत्रा दीड मिलिमीटरहून पातळ असला तर भोक पडतं. जुन्या नांगराचं बीड साध्या कांडीला दाद देत नाही. जस्त चढवलेल्या पाइपाच्या धुरानं ताप भरतो, तेव्हा जस्त आधी घासून काढावं आणि काम उघड्यावर करावं. गूळ खाल्ला की धूर बाधत नाही, या समजावर विसंबू नये. तेलाचं किंवा पेट्रोलचं रिकामं पिंप तर कधीच जोडू नये. काळी काच, चामडी हातमोजे आणि सुती कपडे यांत काटकसर नको. मशिनला अर्थिंग हवंच.

आता माझ्या टाकीची गोष्ट पुरी करतो. तुटलेला पाय घेऊन मी लोहारमामांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, पण नजर तीच. त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाबा, हा जोड न्हाई, हे लिंपण हाय. वरून बसलंय, आत गेलंच न्हाई."

खरं होतं. मी वीस मीटरची बारीक वायर ओढून मशीन अंगणात नेलं होतं. संध्याकाळी व्होल्टेज आधीच कमी, त्यात बारीक वायरनं आणखी खाल्लं. पाच मिलिमीटरच्या अँगलला पुरेशी आच मिळालीच नाही. गंज आणि रंग घासले नव्हते. खपली नीट न काढता वर दुसरा थर दिला होता. पायांना तिरके आधारही नव्हते. वितळलेलं लोखंड थंड अँगलवर नुसतं पसरलं आणि वरच्या चंदेरी रंगानं ते झाकलं.

मामांनी एक उपाय सांगितला, तो कोणत्याही पुस्तकाइतका मोलाचा आहे. खरं काम करण्याआधी त्याच लोखंडाचे दोन तुकडे जोडायचे आणि व्हाइसमध्ये धरून घणानं तोडायचे. लोखंड वाकावं, जोड सुटू नये. मी पहिले सहा जोड तोडले, सहाही सुटले. मग जाड आणि आखूड वायर घेतली, काम सकाळी करू लागलो, सांधे उजळ होईपर्यंत घासले. सातवा तुकडा वाकला, पण सुटला नाही. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी घण माझ्या हातातून घेऊन भिंतीशी ठेवला.

पायाचे मुख्य सांधे मात्र मी गावातल्या वेल्डरकडून मोठ्या मशिनवर करून घेतले. माझ्या मशिनची आणि माझी मर्यादा मला कळली होती. तिरक्या आधाराच्या पट्ट्या मी जोडल्या. रंग देण्याआधी प्रत्येक सांध्यावर घणाचा एक एक ठोका मारला. टाकी आज उभी आहे. तरीही नातीला मी तिच्याखाली खेळू देत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)