इंग्रजी भूतकाळाची दोन घराणी

इंग्रजी क्रियापदाचा भूतकाळ बहुतेक वेळा शेवटी ‘एड’ लावून होतो. सिंग–सँग, राइट–रोट अशी रूपे मात्र पाठच करावी लागतात, आणि शाळेत त्यांची ओळख ‘अनियमित’ म्हणूनच करून दिली जाते. हे नाव त्यांच्यावर थोडा अन्यायच करते. त्यांच्यातली पुष्कळ रूपे ‘एड’पेक्षा जुन्या पद्धतीची आहेत आणि एके काळी त्यांनाही चोख नियम होते.

धातूच्या आतला स्वर बदलून काळ दाखवण्याची रीत इंडो-युरोपीय भाषाकुळाइतकी जुनी आहे; संस्कृतातल्या गुण-वृद्धीचे मूळही तिथेच आहे. ‘एड’ ही जर्मानिक शाखेने नंतर घातलेली भर. ‘करणे’ या अर्थाच्या धातूपासून ती निघाली असावी, असे बरेच अभ्यासक मानतात. याकोब ग्रिम याने 19व्या शतकात जुन्या घराण्याला ‘सबल’ आणि नव्याला ‘दुर्बल’ अशी नावे दिली. प्रत्यक्षात बाजी मारली ती दुर्बलांनी.

प्राचीन इंग्रजीत सबल क्रियापदांचे 7 वर्ग होते. भूतकाळाच्या एकवचनात एक स्वर आणि अनेकवचनात दुसरा, असेही पुष्कळदा होई. वॉज–वेअर ही जोडी त्याचीच खूण. 1066 नंतर नॉर्मन राजवटीत दरबारी व्यवहार फ्रेंचकडे गेला, इंग्रजी लेखनाचे जुने वळण सुटले आणि रूपे सैल होत गेली. फ्रेंचमधून आलेल्या बहुतेक क्रियापदांना ‘एड’च लागले. ‘हेल्प’चे ‘होल्पन’ हे रूप 1611च्या बायबलात आहे. आज प्रमाण भाषेत ‘हेल्प्ड’च उरले आहे.

प्रवाह उलटाही वाहिला. त्याच बायबलात ‘डिग’चा भूतकाळ ‘डिग्ड’ आहे, ‘डग’ नंतरचे. ‘अंगावर घालणे’ या अर्थाचे ‘वेअर’ मुळात दुर्बल; ‘बेअर–बोअर’, ‘स्वेअर–स्वोअर’ यांच्या संगतीने त्याचे ‘वोअर’ झाले. ‘कॅच’ तर फ्रेंच घरातले, तरी ‘कॉट’ बनले. ‘कीप–केप्ट’ सबल वाटते, पण ते दुर्बलच आहे: पुढे दोन व्यंजने एकत्र आल्याने स्वर आखूड झाला, एवढेच. ‘गो’चा जुना भूतकाळही परक्याच धातूचा होता, तो मागे पडून ‘वेंड’ या क्रियापदाचे ‘वेन्ट’ त्याच्या जागी बसले. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये, कारण ‘जातो’ आणि ‘गेला’ यांचीही मुळे ‘या’ आणि ‘गम्’ अशी वेगळी आहेत.

‘एड’चा उच्चार पूर्वी स्वतंत्र अक्षरासारखा होई. तो गिळण्याच्या सवयीवर जोनाथन स्विफ्टने 1712मध्ये जाहीर तक्रार केली. तिचा उपयोग झाला नाही. ‘ब्लेसेड’सारख्या काही विशेषणांत तेवढा तो उच्चार राहिला.

कोणते रूप टिकते, हे मुख्यतः वापरावर ठरते. हार्वर्डच्या संशोधकांनी 2007मध्ये प्राचीन इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदे तपासली. त्यांपैकी आज 98 अनियमित उरली आहेत. जे क्रियापद 100 पट कमी वापरले जाते, ते 10 पट वेगाने नियमित होते, असे त्यांना आढळले. इंग्रजीत सर्वाधिक वापरली जाणारी 10 क्रियापदे अजूनही अनियमितच आहेत. ‘गूगल’सारख्या नव्या क्रियापदाला मात्र पहिल्या दिवसापासून ‘एड’ लागते.