मागच्या दाराचे कुलूप आणि त्यामागचा इतिहास

१/१३
जुन्या लँड रोव्हरचे मागचे दार हे तिच्या मालकांचे नेहमीचे दुखणे आहे. किल्ली फिरते, पण खटका सुटत नाही. किंवा दार जोराने आपटून लावले तरी पहिल्याच खड्ड्यात उघडते. दोष कुलपाला दिला जातो, नवे कुलूप बसवले जाते आणि काही महिन्यांत तोच बिघाड परत येतो. असे का होते, याचे उत्तर युद्धोत्तर पोलादटंचाईत, ब्रिटनच्या करकायद्यात आणि दारावर टांगलेल्या एका चाकात दडलेले आहे. #इतिहास #थ्रेड

२/१३
आरंभ जीपपासून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. या गाडीला दारेच नव्हती. सैनिकाने क्षणात उडी मारून उतरावे, हाच तिच्या रचनेचा हेतू होता. १९४७ पासून मुंबईत महिंद्र कंपनीने जुळणी केलेल्या विलीज जीपही याच कुळातल्या. जिथे दार नाही, तिथे कुलूप बिघडण्याचा प्रश्नच नव्हता.

३/१३
ब्रिटनमधील रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स यांच्याकडे वेल्समधील अँगलसी बेटावरच्या शेतीसाठी युद्धातून उरलेली एक जीप होती. तिच्या तोडीचे स्वदेशी वाहन घडवावे, हा विचार त्यातूनच पुढे आला. पहिला नमुना तर जीपच्याच सांगाड्यावर उभा राहिला. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर जगासमोर आली. तिच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर जीपइतकेच, म्हणजे ८० इंच होते.

४/१३
तेव्हा ब्रिटनमध्ये पोलादाचे नियंत्रित वाटप होत असे आणि निर्यात करणाऱ्या कारखान्यांना त्यात झुकते माप मिळे. म्हणून रोव्हरने सांगाडा पोलादाचा ठेवला. बाहेरचे पत्रे मात्र ‘बर्माब्राइट’ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे घेतले. महागडे साचे टाळण्यासाठी सपाट पत्रे आणि साधे बाक पत्करले. लँड रोव्हरचा तो चौकोनी, रांगडा चेहरा मुख्यत्वे टंचाईने घडवला आहे.

५/१३
या निवडीची किंमत मात्र पुढे मोजावी लागली. दारांची चौकट पोलादी आणि तिच्यावरचा पत्रा ॲल्युमिनियमचा. हे दोन धातू एकमेकांना चिकटून असताना त्यांच्यात खारट पाणी शिरले, की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. दाराच्या दुमडलेल्या कडांवर दिसणारी पांढरी भुकटी ही त्याचीच खूण. चौकट गंजून कमकुवत झाली की तिच्यात बसवलेला खटकाही जागेवरून सरकतो.

६/१३
तरीही आरंभीच्या गाड्यांना मागे कुलूप नव्हते. खाली पडणारा एक फळका, दोन साखळ्या आणि त्याला अडकवायच्या खिळी, एवढाच बंदोबस्त होता. वाहन शेतीसाठी होते. मागे गवताच्या पेंढ्या आणि अवजारे जायची. १९५० च्या दशकाच्या मध्यास धातूच्या बांधणीच्या स्टेशन वॅगन आल्या आणि मागे माणसे बसू लागली. तेव्हा बिजागरीवर बाजूला उघडणारे दार आणि त्याचे कुलूप आले.

७/१३
आता करकायदा. ब्रिटनमध्ये बारा किंवा अधिक आसनांचे वाहन ‘बस’ गणले जाई आणि त्यावर खरेदी कर लागत नसे. १९६० च्या दशकात लांब लँड रोव्हरमध्ये बारा आसनांचा पर्याय आला. आसने वाढूनही ती गाडी दहा आसनी गाडीपेक्षा स्वस्त पडे! पुढे तीन, मध्ये तीन आणि मागे समोरासमोरच्या बाकांवर सहा माणसे. या सहांना उतरण्याची हक्काची वाट एकच, ती म्हणजे मागचे दार. ते अडकले तर अपघाताच्या वेळी काय होईल, हे सांगायला नको.

८/१३
तिसरे कारण वजनाचे. पुढील काळातल्या ११० स्टेशन वॅगनमध्ये, म्हणजे १९९० पासून ‘डिफेंडर’ म्हटल्या गेलेल्या गाडीत, जादा चाक मागच्या दारावरच बसवले गेले. सुमारे तीस किलोंचे ते ओझे बिजागऱ्यांना प्रत्येक खड्ड्यात हिसका देते. वर्षानुवर्षांच्या हिसक्यांनी बिजागऱ्यांच्या खिळी झिजतात आणि दाराची मोकळी कड काही मिलिमीटर खाली येते. चौकटीवरचा स्ट्रायकर मात्र जागच्या जागी असतो. खटका आणि स्ट्रायकर यांची गाठ चुकते, ती इथे.

९/१३
चौथे कारण धूळ. चौकोनी गाडी वेगात असताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ मागच्या दाराकडे ओढली जाते. ती खटक्यातल्या जुन्या वंगणात मिसळून घट्ट लगदा होतो. मग स्प्रिंग शाबूत असूनही खटका मागे फिरत नाही.

१०/१३
म्हणून दुरुस्तीचा पहिला नियम असा: आधी निदान, मग पाने. दार उघडे ठेवून खटका स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलावा आणि मूठ ओढून पाहावी. तो सहज सुटला तर कुलूप बहुधा निर्दोष आहे; गाठ चुकली आहे. त्यानंतर दाराची मोकळी कड दोन्ही हातांनी वर उचलावी. ती हलली, तर बिजागऱ्या झिजल्या आहेत. चाचणी संपल्यावर खटका पुन्हा मोकळा करण्यास विसरू नये. नाहीतर दार लावताना तो स्ट्रायकरवर आपटतो.

११/१३
दुरुस्तीचा क्रमही कारणांच्या क्रमानेच जातो. प्रथम बिजागऱ्यांचे बोल्ट आवळावेत, झिजलेल्या बिजागऱ्या बदलाव्यात. स्ट्रायकरची मूळ जागा पेन्सिलीने आखून, त्याचे स्क्रू किंचित सैल करून तो थोडाथोडा सरकवावा. खटका धुऊन नवे वंगण द्यावे. शेवटी आतली मूठ तपासावी. आत बसणाऱ्यांचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. जादा चाकासाठी सांगाड्यावर बसणारा स्वतंत्र आधार मिळतो. तो लावला की दाराचे ओझेच उतरते.

१२/१३
इतके करूनही किल्ली अडली, तरच कुलपाकडे वळावे. मोटारींच्या अशा कुलपांत पातळ पत्र्यांची रांग असते. योग्य किल्लीने त्या एका पातळीत येतात आणि आतला गोल फिरतो. सपाट किल्लीची ही परंपरा अमेरिकेच्या लायनस येल यांच्या १८६० च्या दशकातील पेटंटांशी जवळचे नाते सांगते. कुलपात तेल ओतू नये, ते धूळ धरून ठेवते. स्वच्छ करून ग्रॅफाइटची कोरडी भुकटी वापरावी.

१३/१३
२९ जानेवारी २०१६ रोजी सोलिहल येथे या परंपरेतली शेवटची डिफेंडर तयार झाली. टंचाईच्या काळातली तिची बांधणी बहुतांशी बोल्टांनी जोडलेली, म्हणूनच आजही साध्या पान्यांनी ती उघडता आणि जुळवता येते. ज्या रचनेने बिघाड दिला, तिनेच दुरुस्तीची सोयही ठेवली. घटना जिथे घडते, तिथेच तिचे कारण असते असे नाही, हे इतिहासाचा विद्यार्थी ग्रंथांतून शिकतो. जुन्या गाडीचा कारागीर तेच दाराची कड उचलून पाहताना शिकतो.