नोकरीला बांधलेला विमा

अमेरिकेत नोकरी गेली की अनेकांचा आरोग्यविमाही जातो. आजार आपला, पण त्याच्या खर्चाची हमी कंपनीच्या हातात, अशी ही व्यवस्था कोणी एका बैठकीत आखली नव्हती. वेगवेगळ्या काळातल्या अडचणींतून ती साचत गेली, आणि त्यांतली सर्वांत जुनी अडचण एका हॉस्पिटलच्या थकलेल्या बिलांची होती.

1929 साली टेक्सासमधल्या डॅलस शहरात बेलर विद्यापीठाच्या हॉस्पिटलचा कारभार जस्टिन फोर्ड किंबॉल यांच्याकडे आला. थकबाकीदारांत शाळाशिक्षकांची नावं बरीच निघाली. किंबॉल पूर्वी त्याच शहरातल्या शाळांचे अधीक्षक होते आणि शिक्षकांसाठी आजारपणाचा फंड त्यांनीच काढला होता. शिक्षक किती आजारी पडतात, याचा हिशेब त्या फंडाच्या नोंदींत आयताच मिळाला. त्यावरून त्यांनी दर ठरवला: महिन्याला 50 सेंट, आणि त्या बदल्यात 21 दिवसांपर्यंत हॉस्पिटलात राहण्याची सोय. तेराशेहून अधिक शिक्षकांनी नावं नोंदवली. थोड्याच दिवसांत बर्फावरून घसरून एका शिक्षिकेचा घोटा मोडला आणि ती या योजनेची पहिली पेशंट ठरली. तिला खर्चाची धास्ती बाळगावी लागली नाही, आणि हॉस्पिटलचे पैसेही बुडाले नाहीत.

मला किंबॉल यांची ही युक्ती मनापासून माणुसकीची वाटते. पण तिच्यात दोन गोष्टी रुजल्या त्या कायमच्या. वर्गणी एका नोकरीतल्या लोकांच्या गटाकडून घ्यायची, ही एक. आणि आधी सोय हॉस्पिटलच्या खर्चाची, डॉक्टरची फी वेगळी, ही दुसरी. लगेच आलेल्या महामंदीत खाटा रिकाम्या पडल्या तेव्हा इतर हॉस्पिटलांनीही हाच मार्ग धरला. 1934 मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या योजनेने आपल्या जाहिरातीवर निळा क्रूस छापला, आणि त्यावरून ‘ब्लू क्रॉस’ हे नाव देशभर गेलं.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात लॉस एंजेलिससाठी पाण्याचा कालवा खोदला जात होता. तिथे डॉ. सिडनी गारफिल्ड यांनी कामगारांसाठी बारा खाटांचं हॉस्पिटल बांधलं होतं. कामावर झालेल्या दुखापतींसाठी विमा कंपन्यांनी माणशी रोज पाच सेंट आगाऊ द्यायचे, इतर आजारांसाठी कामगाराने स्वतःचे पाच घालायचे, या ठरावावर बुडायला आलेलं हॉस्पिटल तरलं. पुढच्या कैसर परमनंटे या आरोग्यसेवा संस्थेचं मूळ तेच.

तरीही 1940 मध्ये विमा होता तो जेमतेम दहांतल्या एकाकडे. चित्र पालटलं ते दुसऱ्या महायुद्धाने. महागाई रोखण्यासाठी 1942 च्या कायद्याने पगार गोठवले. कारखान्यांना माणसं हवी होती, पण पगार वाढवता येत नव्हता. माफक विमा-सवलती पगारात धरायच्या नाहीत, असं सरकारने मान्य केल्यावर कारखानदारांनी पगाराऐवजी विमा देऊ केला. 1950 पर्यंत जवळपास निम्म्या लोकांकडे हॉस्पिटलच्या खर्चाचा विमा आला. मालकाने भरलेला हप्ता कामगाराच्या उत्पन्नात धरायचा नाही, हे 1954 च्या करकायद्याने पक्कं केलं. माझ्या मते गाठ कायमची बसली ती इथे. युद्ध संपलं, पगारावरचं बंधन उठलं, पण करसवलत राहिली, आणि ज्यांना ती मिळत होती त्यांना दुसऱ्या व्यवस्थेची निकड उरली नाही. त्याआधी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी 1945 मध्ये मांडलेली राष्ट्रीय विम्याची योजना डॉक्टरांच्या संघटनेच्या कडव्या विरोधापुढे टिकली नाही.

नोकरीच नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी आणि गरिबांसाठी 1965 मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी योजना आल्या. मधला कामकरी वर्ग मालकाच्याच भरवशावर राहिला.

आज हा भरवसा महाग आहे. 2024 मध्ये कंपनीमार्फत घेतलेल्या कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता 25,572 डॉलर होता, त्यातले 6,296 नोकरदाराच्या पगारातून कापले जात होते. नोकरी सुटल्यावर जुनाच विमा बहुधा 18 महिन्यांपर्यंत चालू ठेवण्याची मुभा ‘कोब्रा’ या कायद्याने दिली आहे, पण मग पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के स्वतः भरायचे. सरासरी कुटुंबाला ते महिन्याला दोन हजार डॉलरच्या वर जातं. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या आपल्या मराठी मुलामुलींना तर नोकरी सुटल्यावर नवी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. या दिवसांत पगार बंद असताना हा हप्ता भरायचा की सरकारी विमा-बाजारातून दुसरा विमा घ्यायचा, की पोरांना ताप येणार नाही अशा आशेवर दिवस काढायचे, हे त्यांना ठरवावं लागतं.