दोन डब्यांमधली जागा

आगगाडीचे डबे एकमेकांना जोडायचे काम अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात बहुतेक ठिकाणी माणसाच्या बोटांवर चाले. डब्याच्या टोकाला लोखंडी खोबण, तीत एक लांबट कडी आणि वरून घालायची खीळ, एवढाच सरंजाम. ढकललेला डबा मागून येत असताना ब्रेकमन दोन डब्यांच्या मध्ये उभा राही. लोंबणारी कडी हाताने उचलून आडवी धरायची, ती समोरच्या खोबणीत शिरली रे शिरली की हात काढून घ्यायचा आणि खीळ टाकायची. वेगवेगळ्या कंपन्यांच्या खोबणींची उंची सारखी नसे. त्यात रात्र, बर्फ, निसरडा रूळ. क्षणभर उशीर झाला की बोटे जात आणि पाय अडकला तर माणूसच जाई. एखाद्याला दोन बोटे कमी असली, तर तो अनुभवी ब्रेकमन असणार, असे यार्डात धरून चालत.

ही बोटे इतकी स्वस्त का होती, याचे उत्तर कायद्यात सापडते. १८४२ साली मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयापुढे फारवेल नावाच्या इंजिनचालकाचा दावा आला. सांधेवाल्याच्या चुकीने गाडी रुळावरून घसरली आणि त्याचा उजवा हात चिरडला. न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांनी भरपाई नाकारली. रोजच्या दोन डॉलर मजुरीत धोक्याची किंमत धरलेलीच आहे, आणि चूक सहकाऱ्याची असेल तर मालक जबाबदार नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. पुढची साठेक वर्षे देशभरची न्यायालये हीच वाट चालली. कामाचा धोका ठाऊक असून नोकरी धरली, म्हणजे धोका पत्करला, असा अर्थ लावला जाई. ज्या अपघाताचा खर्च कंपनीला सोसावा लागत नाही, तो टाळण्यासाठी तिने पैसे का घालावेत?

उपाय मात्र फार लवकर सापडला होता. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावात कापडाच्या दुकानात काम करणारा एलाय जॅनी हा यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला मेजर. त्याने चाकूने लाकूड कोरून एक नमुना केला आणि १८७३ साली त्याचे पेटंट घेतले. दोन्ही हातांची बोटे अर्धवट मिटून एकमेकांत अडकवावीत, तशी ही रचना. डबे एकमेकांवर आदळले की बिजागरीवर फिरणारे आकडे एकमेकांत बसतात आणि कुलपाची खीळ आपोआप पडते. सोडवायचे असेल तेव्हा डब्याच्या बाजूला उभे राहून दांडी उचलायची. मधे जायचे कारणच उरत नाही. आपल्याकडच्या मालगाड्यांच्या वाघिणींना आणि नव्या एलएचबी डब्यांना जो मधला कपलर दिसतो, तो याच कुळातला. जुन्या निळ्या डब्यांना मात्र स्क्रू कपलिंग असते आणि ते आवळायला पॉइंट्समनला आजही दोन डब्यांच्या मध्ये उतरावे लागते.

म्हणजे यंत्र १८७३ मध्ये तयार होते. तरी पुढची वीस वर्षे बोटे जातच राहिली. या दिरंगाईमागची एक अडचण खरीच होती. एका कंपनीचा डबा दुसरीच्या रुळांवर जाई, त्यामुळे एकट्याने कपलर बदलून भागत नसे. शिवाय कपलरांची पेटंटे हजारांनी निघाली होती. १८८७ च्या सुमारास डबे बांधणाऱ्यांच्या संघटनेने जॅनीचा आकार प्रमाण मानला. जॅनीने त्या आकारावरचा आपला हक्क सोडला, म्हणून इतरांनाही जुळणारे कपलर बनवता आले. मला हे त्या शोधाइतकेच मोलाचे वाटते. पण संघटनेची शिफारस कुणावर बंधनकारक नव्हती.

आयोवातल्या लोरेन्झो कॉफिन या शेतकऱ्याने एका ब्रेकमनची उरलेली बोटे डोळ्यांदेखत तुटताना पाहिली आणि त्या दिवसापासून त्याने हा प्रश्न सोडला नाही. वर्तमानपत्रे, प्रार्थनासभा, रेल्वेवाल्यांच्या बैठका, जिथे उभे राहू देतील तिथे तो बोलला. रेल्वे कामगारांच्या संघटनाही मागे लागल्या. अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी १८८९ साली काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, सांगितले की, उपयोगी काम करणाऱ्या मजुराच्या जिवाला लढाईतल्या सैनिकाइतका धोका असावा, हा आपल्या संस्कृतीला कलंक आहे. २ मार्च १८९३ रोजी, पद सोडायला दोन दिवस उरले असताना, त्यांनी सेफ्टी अप्लायन्स अ‍ॅक्टवर सही केली. त्या एका वर्षात डबे जोडता-सोडताना ४०० हून अधिक कामगार मेले होते आणि ११,००० हून अधिक जखमी झाले होते.

आंतरराज्य वाहतुकीच्या डब्यांना आपोआप जोडले जाणारे कपलर हवेत, हवेचा ब्रेक हवा, हे त्यात होतेच. पण या कायद्याचा कणा आठव्या कलमात आहे. बेकायदा डब्यामुळे कामगाराला इजा झाली, तर त्याने धोका पत्करला होता असे मानता येणार नाही, असे ते कलम सांगते. शॉ यांच्या तत्त्वाला पडलेली ही मोठी भेग. मुदत १८९८ ची होती. कंपन्यांनी ती वाढवून घेत ऑगस्ट १९०० पर्यंत नेली.

त्याच ऑगस्टमध्ये युटातल्या प्रोमोंटरी गावी, जिथे १८६९ साली सोन्याचा खिळा ठोकून दोन किनारे रुळांनी जोडले गेले होते, सदर्न पॅसिफिकच्या जॉन्सन नावाच्या ब्रेकमनला इंजिन एका भोजनडब्याला जोडायला सांगितले गेले. इंजिनाला जॅनी कपलर होता, डब्याला मिलरचा आकडा. दोन्ही आपापल्या जागी स्वयंचलित, पण एकमेकांत न बसणारे. तो मधे शिरला, हात चिरडला, मनगटाच्या वरून कापावा लागला. खालच्या न्यायालयांनी कंपनीची बाजू उचलून धरली. दोन्ही कपलर स्वयंचलित आहेत, मग कायदा मोडला कुठे, असे अपील न्यायालयाचे म्हणणे. शिवाय इंजिन म्हणजे ‘डबा’ नव्हे, हेही होतेच. डिसेंबर १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. सरन्यायाधीश मेल्व्हिल फुलर यांनी लिहिले त्याचा आशय असा: कायदा माणसाला मधे जावे लागू नये म्हणून आहे, तेव्हा कपलर एकमेकांत प्रत्यक्ष जुळले पाहिजेत, आणि इंजिनही त्यात आले. जॉन्सनचा खटला नव्याने चालवावा, असा आदेश झाला. चारच वर्षांनी, १९०८ साली, आंतरराज्य रेल्वेवरच्या कामगारांपुरता ‘चूक सहकाऱ्याची’ हा बचावही काँग्रेसने कंपन्यांकडून काढून घेतला.