पृथ्वीचें माप आणि नकाशाचा कागद

भूगोलाचें पहिलें पुस्तक उघडलें कीं विद्यार्थ्यास एक उपमा भेटते : पृथ्वी नारिंगासारखी, दोहों ध्रुवांशीं चपटी. चंदगडसारख्या गांवीं मी कित्येक वर्षें हा विषय शिकविला, आणि त्या नारिंगावर माझा थोडा राग आहे. एक फूट व्यासाचा गोल खऱ्या प्रमाणांत घडविला, तर त्याचा चपटेपणा अवघा एक मिलिमीटर भरेल. डोळ्यास तो दिसणार नाहीं, बोटास लागणार नाहीं. मग एवढ्याशा फरकापायीं विद्वानांनीं पन्नास वर्षें वाद घालावा आणि माणसांनीं रानावनांत जीव धोक्यांत घालावा, असें त्यांत काय होतें? तें आज सांगावयाचें आहे. आणि त्या हकीकतीचा मोठा भाग आपल्याच दक्षिण देशांत घडला आहे.

पृथ्वी मोजण्याची युक्ति जुनी आहे. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या आपल्या सिद्धान्तशिरोमणींत ती सांगितली आहे. एकमेकांच्या थेट उत्तरेस-दक्षिणेस असलेलीं दोन गांवें घ्यावीं, दोहोंचे अक्षांश ताऱ्यांवरून काढावे, मधलें अंतर मोजावें, आणि त्रैराशिक मांडावें : एवढ्या अंशांस एवढीं योजनें, तर तीनशें साठ अंशांस किती? त्यांनीं परिघ ४९६७ योजनें दिला. युक्ति बिनचूक आहे. परंतु पृथ्वी पूर्ण वाटोळी असेल तरच. ती तशी नसेल, तर एक अंशाचें अंतर सर्वत्र सारखें येणार नाहीं.

न्यूटननें १६८७ सालीं गणितानें सांगितलें कीं स्वतःभोंवतीं फिरणारी पृथ्वी मध्याशीं फुगली पाहिजे. पॅरिसच्या कासिनी घराण्यांतील ज्योतिषी आपल्या मोजण्यांच्या आधारें उलट म्हणत होते. त्यांची पृथ्वी लिंबासारखी, ध्रुवांकडे लांबट. अखेर फ्रेंचांनीं १७३५ सालीं एक तुकडी विषुववृत्तानजीक पेरू प्रांतांत आणि पुढच्या वर्षीं दुसरी लॅपलंडांत धाडली. उत्तरेकडचा अंश मोठा भरला, आणि न्यूटनचा पक्ष खरा ठरला. आजच्या मापानें विषुववृत्ताशीं एक अंश सुमारें ११०.६ किलोमीटर व ध्रुवाशीं १११.७ किलोमीटर भरतो. चपटेपणा आहे, हें ठरलें. तो नेमका किती, हें मात्र राहिलें. आणि तें ठरल्यावांचून मोठ्या मुलुखाचा नकाशा जुळत नाहीं. एका टोकाकडून काढलेला डोंगर दुसऱ्या टोकाकडून काढतांना भलत्याच जागीं पडतो.

टिपू सुलतान १७९९ सालीं पडल्यावर कंपनी सरकारास हातीं आलेल्या मुलुखाचा नकाशा हवा होता. विल्यम लँबटन या लष्करी अधिकाऱ्यास त्याहून मोठें कांहीं हवें होतें. १० एप्रिल १८०२ रोजीं मद्रासनजीक त्यांनीं साडेसात मैलांची पायारेषा मोजावयास घेतली. शंभर फुटी पोलादी साखळी. उन्हानें ती ताणते म्हणून तंबूखालीं, लांकडी पेट्यांत ठेवून, उष्णतामापक लावून मोजावयाची. एवढी एक बाजू हातानें मोजली कीं पुढचें काम कोनांचें. दोन टोंकांवरून तिसऱ्या टेकडीचा कोन घ्यावा, त्रिकोण सुटतो. त्याची प्रत्येक बाजू नव्या त्रिकोणाचा पाया होते. अशी त्रिकोणांची माळ कन्याकुमारीपासून उत्तरेस चालली.

कोन मोजावयाचें यंत्र अर्ध्या टनाचें होतें. समुद्रांतून येतांना तें फ्रेंचांच्या हातीं पडलें, मॉरिशसला गेलें, आणि पुढें सन्मानपूर्वक परत आलें. शत्रूचें यंत्र शास्त्राकरितां सोडून देण्याची ही रीत अनुकरणीय खरी. पुढें १८०८ सालीं तंजावरच्या देवळावर चढवितांना दोर तुटून तें आपटलें. लँबटन तंबूंत कोंडून घेऊन बसले आणि सहा आठवडे ठोकून-वांकवून त्यांनीं तें पुन्हा कामास लाविलें.

हैदराबादेहून नागपुराकडे मुक्काम हलवीत असतां जानेवारी १८२३ मध्यें वाटेंत हिंगणघाटास त्यांना मृत्यु आला. वयाची पासष्टी उलटली होती. त्यांची कबर तेथेंच, आपल्या वर्धा जिल्ह्यांत आहे. एव्हरेस्टचें नांव आज शाळकरी पोरालाही पाठ. लँबटनचें हिंगणघाटाबाहेर किती जणांस ठाऊक असेल?

त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांनीं काम पुढें नेलें. हैदराबाद राज्यांतील दामरगिद्यापासून माळव्यांतील कल्याणपूरपर्यंतचा, सुमारें सहा अंशांचा कंस विदर्भावरूनच गेला आहे. त्या व लँबटनच्या मोजण्यांच्या जोरावर एव्हरेस्टनीं १८३० सालीं पृथ्वीचा एक आदर्श गोल मांडला : चपटेपणा तीनशेंस एक, मध्याची त्रिज्या ध्रुवाच्या त्रिज्येहून सुमारें तेरा मैलांनीं अधिक. डोंगरांवर निशाणें लावणारे, रात्रीं दिवे पेटविणारे हे लोक गांवकऱ्यांस हेर वाटत. खलाशी तापानें मेले, त्यांचीं नांवें बहुधा कोठें लिहिलेलीं नाहींत. राधानाथ सिकदार हे गणिती आणि सय्यद मीर मोहसीन हे यंत्रें दुरुस्त करणारे कारागीर, एवढीं दोन नांवें मात्र राहिलीं. कामाची अचूकता पाहा : १८४१ सालीं बीदर येथील जवळजवळ आठ मैलांची पायारेषा प्रत्यक्ष मोजली, तेव्हां शेंकडों मैल दूरच्या पायारेषेवरून गणितानें काढलेल्या लांबींत व तींत सव्वाचार इंचांचाच फरक निघाला! हिमालयाच्या शिखरास एव्हरेस्टचें नांव १८६५ सालीं दिलें, त्यांच्या निवृत्तीनंतर बावीस वर्षांनीं.

तरीहि एक कोडें राहिलें. कल्याणपूर आणि उत्तरेकडील कालियाना यांमधील अंतर त्रिकोणांनीं काढलें तर एक, ताऱ्यांवरून काढलें तर दुसरें. फरक ५.२३६ विकलांचा, म्हणजे जमिनीवर दीडशें मीटरांहून अधिक. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनीं १८५५ सालीं सांगितलें कीं हिमालय ओळंब्यास आपल्याकडे ओढतो, म्हणून ताऱ्यांची वेध चुकते. पण गणित केलें तों ओढ जवळजवळ सोळा विकलांची यावयास हवी होती! इंग्लंडांत एअरी यांनीं त्याचा अर्थ लाविला : पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्याप्रमाणें पर्वतांस खालीं हलक्या खडकाचीं मुळें असतात, म्हणून ओढ कमी पडते. नकाशाच्या हिशेबांतील खोट शोधूं जातां पर्वतांचें पोट उघडें पडलें.

यावरून ध्यानांत येईल कीं पृथ्वीचे आकार तीन आहेत. एक डोंगरदऱ्यांचा, आपण चालतों तो. दुसरा गणिती, गुळगुळीत, नकाशासाठीं मानलेला. तिसरा समुद्रसपाटीचा, ओळंब्याच्या आज्ञेंत राहणारा. त्यास जिऑइड म्हणतात. तो सर्वत्र सारखा नाहीं. श्रीलंकेच्या दक्षिणेस तो गणिती गोलाच्या शंभराहून अधिक मीटर खालीं खचला आहे, आणि आपली कोंकणपट्टीहि त्याच उताराच्या वाटेवर आहे. म्हणून वेंगुर्ल्याच्या पुळणीवर उभे राहून उपग्रहाच्या यंत्रास नुसती गणिती उंची विचारली, तर तें शून्याच्या साठाहून अधिक मीटर खालीं असल्याचें सांगेल, आणि तरी पाय कोरडेच राहतील.

आतां आमचें चंदगड पाहा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा तालुका बेळगांव जिल्ह्यांत होता. त्या दिवसापासून कोल्हापुरांत आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांत मात्र सोळाव्या अक्षांशाशीं कागद बदलतो. चंदगड त्या रेषेच्या जरा दक्षिणेस, म्हणून पत्रक ४८-आयवर, बेळगांवाशेजारीं. कोल्हापूर शहर ४७ क्रमांकांत. राज्यें पुनः आंखलीं गेलीं, अक्षांशाची रेषा होती तेथेंच राहिली.

हे जुने कागद एव्हरेस्टच्या गोलावर बेतलेले आहेत. खिशांतील मोबाईल मात्र डब्ल्यूजीएस-८४ नांवाच्या दुसऱ्या गोलावर बोलतो. त्याचा चपटेपणा २९८.२५७ स एक, आणि त्याचा मध्य पृथ्वीच्या खऱ्या मध्यावर बसविलेला. सर्व्हे ऑफ इंडियानेंहि २००५ च्या नकाशा-धोरणानंतर लोकांसाठींचीं पत्रकें त्याच गोलावर काढलीं. मोबाईलचे आंकडे जसेच्या तसे जुन्या कागदावर उतरविले, तर आमच्या बाजूस शेंदीडशें मीटरांचा फरक पडतो. एवढ्यांत एखाद्याची विहीर शेजाऱ्याच्या रानांत जाते, आणि विहिरीवरून आमच्याकडे काय होतें तें श्रोत्यांस सांगावयास नको. दोष यंत्राचा नव्हे, कागदाचाहि नव्हे. कोणत्या गोलावर बोलत आहों, हें नकाशाच्या समासांत छापलेलें असतें. तेवढें आधीं वाचावें.

उंचीचें मात्र निराळें आहे. जुन्या पत्रकांवर आमच्या टेकड्यांच्या ज्या उंची छापल्या, त्या १९०९ सालीं पुऱ्या झालेल्या तलमोजणीच्या जाळ्यास धरून आहेत, आणि त्या जाळ्याचें शून्य कराचीपासून कलकत्त्याच्या बाजूच्या फॉल्स पॉइंटपर्यंतच्या नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीवरून ठरविलें. त्या नवांत मुंबईचा अपोलो बंदर आहे, आणि घाट उतरून दक्षिणेस गेलें म्हणजे लागणारें कारवारहि आहे.